कुकडीचा कैवारी

"खोदाईच्या आदल्या दिवशी या कागदी चाचांनी घोड नदीवरून बैलगाडीत मडकी भरभरून जिवंत मासळी आणली, देवीच्या डोहात ती गुपचूप सोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी भोळ्या गावकऱ्यांसमोर आपलाच शब्द खरा करून दाखवला. असा हा मिस्कील आणि बेरकी गृहस्थ आमच्या जुन्नरात होऊन गेला."

ज्या शाळेत मी उमेदीची वर्षे शिकवले, त्याच शाळेच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. लेखक वकील आहेत. पुराव्याशिवाय बोलू नये हे त्यांना ठाऊक असायला हवे. त्यांनी ही गोष्ट वडिलांकडून ऐकली, वडिलांनी ती मंचरच्या बाजारात ऐकली, आणि मंचरच्या बाजारात ती कोणी सांगितली हे कोणालाच आठवत नाही. मी मात्र त्या कागदी चाचांच्या घरात भाडेकरू होतो. ते डोहाच्या काठावर उभे होते तेव्हा त्यांच्या शेजारी मी होतो, आणि माझी दृष्टी आज अधू झाली असली तरी तेव्हा शाबूत होती. मला कोणी विचारले नाही. म्हणून न विचारता सांगतो.

प्रथम 'मिस्कील' या विशेषणाचा समाचार घेतो. आमचे घरमालक मिस्कील कधीच नव्हते. कोणी विनोद केला तर ते शांतपणे त्याचा अर्थ विचारीत, आणि अर्थ सांगता सांगता विनोद करणाराच ओशाळून जाई. ते तापट होते, हेकट होते, मशिदीत मौलवींशी आणि देवळात गुरवाशी सारख्याच जोमाने भांडत. बेरकी तर ते मुळीच नव्हते. बेरकी माणसाला स्वतःचे हित कळते; या माणसाने स्वतःचे हित किती सहज पणाला लावले ते मी पाहिले आहे.

त्यांचे घर जुन्नरच्या कागदी, म्हणजे हाताने कागद बनवणाऱ्या लोकांच्या आळीत होते. प्लेगची साथ ओसरून फार वर्षे झाली नव्हती. आळीतली निम्मी दारे बंद होती, आणि उघड्या दारांतल्या बहुतेकांनी गिरणीच्या कागदापुढे हात टेकून दुसरे धंदे धरले होते. आमच्या घरमालकांचे उखळ मात्र उजाडताच धडधडू लागे. जुनी तरटे, चिंध्या, दोरखंडांचे तुकडे कुटून लगदा करायचा, तो नदीवर नेऊन कापडाच्या झोळीत धुवायचा आणि मग घरच्या हौदातून एकेक ताव उचलायचा, असे ते काम. लगदा धुण्याची त्यांची जागा ठरलेली होती. गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला, देवीच्या डोहाच्या किंचित खाली पाण्यात उतरत गेलेला एक सपाट खडक होता. त्यावर त्यांच्या आज्यानेही लगदा धुतला होता. पाणी गढूळ असले की कागद मळकट निघतो, त्यामुळे नदीवर नजर ठेवणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. तो त्यांनी धंद्यापुरता ठेवला नाही, एवढेच.

रोज सकाळी ते कुकडीचे चूळभर पाणी तोंडात घेत, बराच वेळ घोळवीत आणि थुंकून निकाल देत. "घाटघरला पाऊस झालाय." दुपारपर्यंत नदी चढलेली असे. घरातला एखादा जुना ताव उजेडासमोर धरून ते मला सांगत, "ह्यो आखाडातला. ह्यात डोंगराची माती हाय, बघा." मला ती माती कधीच दिसली नाही, आणि तसे मी म्हटले की ते माझ्याकडे, डोळे असून न पाहणाऱ्याकडे पाहावे, तसे पाहत.

खोली देताना त्यांनी मला अटी घातल्या. चुलीची राख नदीत टाकायची नाही. रिठ्याचे पाणी नदीत सोडायचे नाही. गिरणीच्या कागदावर लिहायचे असेल तर घरात नाही, ओसरीवर बसून लिहायचे. त्यामुळे पोरांच्या वह्या मी थंडीवाऱ्यात ओसरीवर तपाशीत असे आणि आतून चाची म्हणत, "मास्तर, तुमी घोंगडी घ्या. ह्यांला काय सांगून उपेग न्हाई."

कोणीही कसलाही बेत मांडला की चाचांचा प्रश्न एकच असे: "नदीला कुणी इचारलं का?" नवा घाट बांधायचा बेत असो, पलीकडच्या वाडीतली मुलगी सून म्हणून आणायची असो, प्रश्न तोच. मटण ते खात, कोंबडी खात, घोड नदीचे मासे कोणी आणून दिले तर तेही चवीने खात. कुकडीचा मासा मात्र त्यांच्या घरात शिजत नसे. मी एकदा कारण विचारले.

"शेजाऱ्याला खात्यात व्हय, मास्तर?" ते म्हणाले, आणि चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

वकीलसाहेबांनी नोंद घ्यावी. घोड नदीशी त्यांचा जो काही संबंध होता तो ताटातला होता.

आता डोहाविषयी. जुन्नरच्या वरच्या अंगाला, चाचांच्या खडकालगत एक छोटे गाव होते; तिथे देवीच्या देवळाच्या पायऱ्यांसमोर काळसर हिरव्या पाण्याचा खोल डोह होता. त्यात जाळे टाकायचे नाही, गळ लावायचा नाही, असा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. त्यामुळे तिथे खडची जातीचे मासे निर्धास्त वाढले होते, मोठ्या खवल्यांचे, तांबूस सोनेरी. नवरात्रातल्या अष्टमीला गावकरी भाताचे गोळे पाण्यात सोडत आणि ते मासे वर येऊन, तोंडे वासून ते गिळत. माशांनी नैवेद्य घेतला म्हणजे देवीने घेतला, आणि गावाचे वर्ष सुखाचे जाणार.

मग एका श्रावणात तो पूर आला. पाणी देवळाच्या गाभाऱ्यात शिरले, काठची करंजाची झाडे मुळांसकट गेली, गुरे वाहून गेली. पूर ओसरला तेव्हा पायऱ्यांसमोर डोह नव्हता. तिथे पांढऱ्या गोट्यांचा लांबरुंद थर पडला होता आणि त्यावरून घोटाभर पाणी खळखळत होते. शेताशेतांत डबकी साचली होती, त्यांत मासे तडफडत होते, आणि वर कावळे व घारी जमल्या होत्या. लोक टोपल्या घेऊन धावले. पुराने आणलेला मासा ज्याच्या शेतात त्याचा, असा रिवाज होता. देवीचा मासा डोहाबाहेर पडला तरी देवीचाच राहतो की काय, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

चाचांना होती. त्यांनी आळीजवळच्या कुंभाराची गाडी मडक्यांसकट मागून घेतली आणि ते शेतोशेत फिरू लागले. मी बरोबर होतो. एका शेतकऱ्याने टोपली मागे लपवली.

"चाचा, मासा माझ्या वावरात हाय."

"पुरात तुझी म्हस माझ्या दारात येऊन अडाकली. ती मी माझी म्हनलो का?"

शेतकऱ्याने टोपली मडक्यात रिकामी केली. जे मासे जिवंत होते ते आम्ही नदीत सोडले. तेव्हा मडकी खरी आहेत, गाडी खरी आहे. वर्ष चुकले, नदी चुकली आणि हेतू चुकला. बाकी वकीलसाहेबांची हकीकत बिनचूक आहे.

त्या वर्षी अष्टमीला भाताचे गोळे गोट्यांवर अडकून राहिले आणि ते कावळ्यांनी खाल्ले. बायका घरी गेल्या. दसरा होताच देवळात पंच बसले. पाटील धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर; पण त्या दिवशी थट्टा नव्हती.

"गाड्या जुपायच्या," पाटील म्हणाले. "समदं गोटं उचलायचं. डोह व्हता तसा करायचा. म्होरल्या नवरात्राला देवी उपाशी ऱ्हाता कामा न्हाई."

मागे खांबाला टेकून बसलेले चाचा म्हणाले, "नदीला कुणी इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिनंच तर घाण केली."

"घाण न्हाई केली, पाटील. घर सारवलंय तिनं." चाचा उठून उभे राहिले. "पुराआधी हितले गोटे चिखलानं लिंपलेले व्हते, पाय घसरायचा. आता बघा, घासल्या भांड्यावानी झालेत. गोट्या-गोट्यांतनं पानी वाहतंय. माझा लगदा साचल्या पान्यात सडतो अन् वाहत्यात पांढरा ऱ्हातो. माशाची अंडी बी तशीच. मासा अंडी घालनार ती हितंच. तुमी गोटे काढले की पाळनाच काढला."

"अन् मोठं मासं कुटं हायत? ते ऱ्हानार कुटं? डोह न्हाई."

"डोह बुजला न्हाई, सरकलाय. माझ्या खडकाखाली या बघायला. पयली माझी झोळी तळाला लागायची. आता बांबू लागत न्हाई."

पाटलांची थट्टा परत आली. "देवीची पायरी हितं अन् डोह तुमच्या खडकाखाली? देवीनं तुमच्याकडं बिऱ्हाड केलं म्हना की, चाचा."

सगळे हसले. इथेच गावाची चूक होती, आणि ती कोणा परक्या माणसाच्या हातून झाली नसती. डोह देवीचा, म्हणून तो देवीच्या पायऱ्यांसमोरच असायला हवा, अशी त्यांची श्रद्धा. खाली दोनशे पावलांवर खोल पाणी आहे हे पाहायला एक जणही उठला नाही.

चाचा हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "एक पावसाळा द्या. भादवा सरताना गोट्यांत जीव दिसला न्हाई तर खुशाल खोदा. माझा खडक बी फोडा, देवीच्या पायऱ्यांला लावा."

हा शब्द ऐकून मी चरकलो. खडक गेला की लगदा धुणे गेले. लगदा गेला की कागद गेला. आळीतले शेवटचे चालते उखळ त्यांनी बोलता बोलता पणाला लावले होते. घरी चाचींनी ते ऐकले आणि मला ओसरीवर गाठले. "मास्तर, ह्यांला इचारा. मासा न्हाई आला तर आमी काय खायाचं, नदी?" मी विचारले. ते उखळाशी जाऊन बसले.

पंचांनी एक पावसाळा दिला. चाचांनी गोट्यांच्या थराभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घातले. आत गुरे नाहीत, माणसे नाहीत. आणि आपण स्वतःही पाय ठेवायचा नाही, असा नियम त्यांनी केला व पाळला. अंडी पायाखाली चिरडतात, म्हणून. परिणाम असा की आत काय आहे हे इतरांइतकेच त्यांनाही अज्ञात राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत ते मला घेऊन नदीकाठाने खाली निघाले. चाचींनी भाताचे गोळे बांधून दिले होते. मला वाटले आमच्यासाठी. ते प्रत्येक डोहाशी थांबत, एक गोळा पाण्यात टाकीत आणि वाट पाहत. त्या वाटेने मी पूर काय करतो ते पाहिले. कित्येक डोह वाळूने बुजले होते. सावली धरणारी झाडे गेल्यामुळे उथळ पाणी उन्हाने तापत होते. दरडी कापल्या गेल्या होत्या, पाणगवत उपटून गेले होते, आणि जिथे पूर्वी मासे उड्या मारीत तिथे आता पाण्याचा नुसता आवाज होता. भाताचे गोळे विरघळून जात.  एका ठिकाणी चाचा म्हणाले, "लई गेले, मास्तर." त्यांच्या तोंडून नदीविरुद्ध निघालेला हा एकमेव उद्गार.

पिंपळवंडीच्या हद्दीत एका कपारीखाली खोल पाणी होते. त्यांनी गोळा टाकला आणि तो बुडायच्या आत पाणी उसळले. तांबूस सोनेरी पाठी वर आल्या, तोंडे वासली गेली. दुसरा गोळा, पुन्हा तेच. मोट थांबवून एक शेतकरी बघायला आला.

"आँ? ह्ये मासं भात खात्यात व्हय? आमच्या हितले तर भाताकडं बघत बी न्हाईत."

रानच्या माशाला भात ठाऊक नसतो. देवीच्या माशांना तो नवरात्रानवरात्राला मिळाला होता. पुराने त्यांना कोसांच्या अंतरावर वाहून नेले होते, मारले नव्हते.

"ह्ये पुरासंगं आलेत," शेतकरी म्हणाला. "बाजाराच्या दिशी जाळं लावनार हाय आमी."

"लावू नका," चाचा म्हणाले. "पावनं हायत ते."

"कुनाचं?"

"देवीचं. पाऊस पडला, नदी भरली की वर चढतील, आपल्या घरी जातील."

"अन् न्हाई गेलं तर?"

"तर मी येतो न्यायला."

शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. "मास्तर, ह्यांचं डोस्कं बरं हाय न्हवं?"

मी म्हणालो, डोक्याची हमी देत नाही, शब्दाची देतो. त्याने जाळे लावले नाही. पिंपळवंडीच्या त्या भल्या माणसाचा उल्लेखही स्मरणिकेत नाही.

परतताना मी म्हटले, पाटलांना हे सांगू या. चाचा थबकले. "सांगा. मंग उद्या समदे टोपल्या घेऊन पिंपळवंडीला." आम्ही कोणाला सांगितले नाही.

पुढचा पावसाळा बेताचा, चांगला झाला. नदी तांबडी होऊन वाहत होती. तिच्यातून काय वर चढले आणि काय नाही, हे कोणालाही दिसणे शक्य नव्हते. चाचा रोज पाणी तोंडात घेत आणि निकाल न देता थुंकून टाकीत. भाद्रपद सरत आला, उघडीप पडली, पाणी निवळले, आणि ठरल्या दिवशी गाव कुदळी, फावडी, घमेली घेऊन देवीच्या पायऱ्यांशी जमले. गाड्या काठावर उभ्या होत्या. गुरवाने ढोल आणला होता.

त्या गावात देवीच्या जागेत खोदायचे तर पहिला घाव लोखंडाचा घालीत नाहीत. पाटलाने पहिला दगड हाताने उचलायचा, त्याला हळदकुंकू लावून तो देवीपुढे ठेवायचा, आणि मग कुदळ. पाटलांनी बाभळीची एक फांदी बाजूला केली आणि पाण्याच्या कडेशी उभे राहून चाचांकडे पाहिले.

"काय चाचा, खडकाला सुरुंग लावू, का छिन्नीनं काढू?"

"आधी गोटा उचला."

चाचांचा आवाज नेहमीसारखा होता. पण त्यांनी माझी बाही मुठीत पकडली होती.

पाटील वाकले. त्यांनी एक गोटा उचलला आणि ते तसेच वाकून राहिले.

"काय झालं, पाटील, कंबर धरली का?" मागून कोणीतरी विचारले. हशा झाला. पाटील हलले नाहीत. मग त्यांनी न वळता हाताने चाचांना खूण केली. चाचा पुढे झाले, बाही मुठीत असल्यामुळे मीही झालो, आणि काठावरून वाकून आम्ही पाहिले. गोट्याखालच्या खळग्यात, थंड वाहत्या पाण्यात, सुतासारखी बारीक, काचेसारखी पारदर्शक पिल्ले वळवळत होती. एक नव्हे, दोन नव्हे, खळगा भरून.

निजलेल्या तान्ह्यावर पांघरूण घालावे तसा पाटलांनी तो गोटा होता तिथे परत ठेवला. मग सरळ होऊन ते गावाकडे वळले.

"कुदळी मागं न्या. कुनी पान्यात उतरायचं न्हाई." आणि चाचांकडे पाहून म्हणाले, "चाचा, हितं बाळतीन झोपलीया."

मग गर्दीचा जो आवाज उठला तो मी आजही ऐकू शकतो. बायकांनी काठावरूनच हळदकुंकू वाहिले. गुरवाने ढोलावर टिपरी टाकली तर चाचा त्याच्या अंगावर धावून गेले. "वाजवू नगं. पोरं निजलीत." गुरवाने आयुष्यात प्रथमच त्यांचे ऐकले.

अष्टमीला गाव देवळाच्या पायऱ्या सोडून खाली, चाचांच्या खडकावर आले. बांबू न लागणारे ते पाणी पाटलांनी स्वतः मापून पाहिले आणि बांबू चाचांच्या हाती दिला. पहिला गोळा चाचांनी टाकावा असे ठरले. चाचा मागे सरले. "तुमच्या देवीचा निवद मी कसा टाकू? तिला इचारा."

पाटील म्हणाले, "नदीला इचारलंय. ती हो म्हनली."

गोळा पडला आणि सोनेरी पाठी वर आल्या. पूर्वीइतक्या नव्हत्या, पण आल्या. आमचे घरमालक हसले. मी त्यांच्याकडे राहिलो तेवढ्या वर्षांत ते हसलेले मी तेवढेच पाहिले, आणि ते मिस्कील हसू नव्हते. लढाई जिंकलेल्या माणसाचे होते. खडक शाबूत राहिला. त्या वर्षीचा त्यांचा कागद मी पाहिला आहे. तसा पांढरा कागद जुन्नरात पुन्हा निघाला नाही.

आता वकीलसाहेब. आदल्या दिवशी चाचा घरी बसून तावांना खळ लावीत होते आणि मी ओसरीवर होतो, हे मी सांगेन, तर ते म्हणतील भाडेकरूची साक्ष. बाभळीचे कुंपण सकाळपर्यंत अभंग होते, असे सांगेन, तर म्हणतील नवे घातले. म्हणून ते सारे सोडून देतो. घोड नदीवरून मासळी आणून सोडली म्हणता? मोठा मासा मुठीएवढ्या गोट्याखाली शिरत नाही. लहान पिल्ले आणली म्हणाल, तर ती पकडणाऱ्याला आधी पाण्यात पोहताना दिसली पाहिजेत. आणि पाटलांनी गोटा उचलून धरला होता तेव्हा वाकून मी जे पाहिले ते असे: त्या पिल्लांना अजून पोहता येत नव्हते, आणि ज्या अंड्यातून ती निघाली त्याचा पिवळा बलक, मोहरीच्या दाण्याएवढा, प्रत्येकाच्या पोटाला अजून चिकटलेला होता.